‘ऑरेंज’ हा शब्द कसा वापरावा: संत्र्याच्या गावातून एक टाचण

काही वर्षांपूर्वी काटोल भागातल्या एका बागायतदाराने परदेशी पाठवायच्या मालाच्या खोक्यावरचा मजकूर माझ्याकडे भाषांतरासाठी दिला. मजकूर जेमतेम दीड पानाचा होता आणि त्यात ‘संत्रे’ हा शब्द अकरा वेळा आला होता. मी अकराही ठिकाणी डोळे झाकून ‘ऑरेंज’ लिहिले, मजुरी घेतली आणि विसरून गेलो. आठवड्याभराने बागायतदाराचा फोन आला. पलीकडच्या खरेदीदाराने विचारले होते की, नमुना म्हणून आलेली फळे मँडरिन आहेत आणि कागदावर ऑरेंज लिहिले आहे, तेव्हा तुम्ही नेमके काय पाठवणार आहात? बागायतदाराला वाटले की भाव पाडण्यासाठी हा माणूस खुसपट काढतो आहे. कोश उघडल्यावर मला मात्र कळले की ते खुसपट नव्हते. चूक होती आणि ती सर्वस्वी माझी होती.

जन्म नागपुरात, शहराचे टोपणनाव ऑरेंज सिटी, ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत धावणाऱ्या मेट्रोच्या मार्गिकेचे नाव ऑरेंज लाइन, आणि इंग्रजी अंकलिपीत ‘ओ’ म्हटले की ऑरेंज. इतक्या ओळखीच्या शब्दासाठी कोश कोण उघडतो? पण परका शब्द फसवतो तो बहुधा असाच, ओळखीच्या चेहऱ्याने. म्हणून हा एकच शब्द घेऊन त्याचा अर्थ कसा पक्का करावा, तो वाक्यात कसा बसवावा आणि त्याचे मूळ कसे शोधावे, ते येथे माझ्या कामाच्या रीतीने सांगतो.

आधी हातातले फळ ओळखावे

इंग्रजी भाषिक ‘ऑरेंज’ हा शब्द दोन मापांनी वापरतात. सैल मापाने पाहिले, तर त्या रंगाचे आणि त्या घराण्याचे कोणतेही गोल, रसाळ फळ त्यात बसते. नेमक्या मापाने पाहिले, तर ऑरेंज म्हणजे ‘स्वीट ऑरेंज’, शास्त्रीय नाव सिट्रस सिनेन्सिस. या फळाची साल गराला घट्ट चिकटलेली असते, ते कापून किंवा पिळून खातात आणि जगभरच्या रसाच्या डब्यांवर चित्र असते ते त्याचेच. आपले नागपुरी संत्रे हे सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिन. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मँडरिन हे मूळ फळांपैकी एक आहे आणि स्वीट ऑरेंज हा मँडरिन व पपनस यांच्या संकरातून झालेला वंश आहे. म्हणजे ज्याला आपण ऑरेंज म्हणतो ते खऱ्या ऑरेंजच्या आईबापांच्या पिढीतले निघाले.

शास्त्र बाजूला ठेवले तरी घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. फळ डाव्या तळहातावर घ्यावे, देठाकडच्या उंचवट्यात अंगठ्याचे नख रुतवावे आणि साल ओढावी. नागपुरी संत्र्याची साल गरापासून सुटलेली असते, मध्ये हवा असते. ती दोन-तीन मोठ्या पाकळ्यांत निघून येते, मागे पांढऱ्या शिरा राहतात आणि फोडी बोटाने वेगळ्या होतात. हीच खटपट मोसंबीवर केली तर नख दुखते, साल तुकड्या-तुकड्याने निघते आणि शेवटी सुरी आणावी लागते. सुरी लागली तर ऑरेंज, नुसत्या बोटांनी भागले तर मँडरिन, एवढे लक्षात ठेवले की नव्वद टक्के वेळा अडत नाही.

यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. आपल्याकडचे फळशास्त्र मोसंबीला स्वीट ऑरेंजमध्येच मोजते. म्हणजे इंग्रजीच्या नेमक्या मापाने मोसंबी हीच ऑरेंज ठरते आणि संत्रे ठरत नाही. सीताबर्डीवरच्या रसाच्या दुकानांतून मोसंबीच्या रसापुढे ‘स्वीट लाइम’ असे लिहिलेले दिसते. ते भारतीय इंग्रजीत रुळलेले आहे आणि गावातल्या गिऱ्हाइकाला त्याने काही बाधत नाही, पण परक्या वाचकाला त्यावरून गोड लिंबाचा भास होतो. ज्याला मोसंबी समजावून सांगायची आहे त्याने ‘अ काइंड ऑफ स्वीट ऑरेंज’ असे लिहावे.

मग ‘ऑरेंज सिटी’ चूक आहे का? नाही. २०१४ साली आपल्या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावानेच. अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या लेखनात मात्र त्याच फळाला ‘नागपूर मँडरिन’ म्हटलेले आढळते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण पहिले विशेषनाम आहे आणि दुसरे वर्णन. तेव्हा नियम असा ठेवावा की नाव म्हणून शब्द आला असेल तर त्याला हात लावू नये आणि जात सांगायची असेल तर मँडरिन लिहावे. एकाच वाक्यात दोन्ही हवे असतील तर ‘नागपूर ऑरेंज, अ लूज-स्किन्ड मँडरिन’ एवढे पुरते. घरगुती बोलण्यात, शाळेच्या निबंधात, पाहुण्याला फळांची परडी पुढे करताना ऑरेंज म्हटले तर कोणीही कान टवकारणार नाही. फरक पडतो तो खरेदी-विक्री, शेती आणि शास्त्र या तीन ठिकाणी.

येथे मँडरिन या शब्दाबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चीनमधल्या बड्या सरकारी अधिकाऱ्यांना पोर्तुगीज ‘मांदारिं’ म्हणत. तो शब्द त्यांनी मलय भाषेतल्या ‘मंतरी’वरून उचलला आणि मलय भाषेने तो घेतला संस्कृतातल्या ‘मन्त्रिन्’वरून. पुढे चीनकडून आलेल्या या फळालाही तेच नाव चिकटले. म्हणजे मँडरिन हा आपला मंत्रीच. दर डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून मंत्री नागपुरात उतरतात, आणि त्याच सुमारास अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची, संत्री कळमन्याच्या बाजारात ओतली जात असतात; संत्री आणि मंत्री यांचा हा योग शब्दकोशातही जुळून यावा, याची मला मोठी मौज वाटते.

वाक्यात बसवताना

व्याकरणाच्या बाजूने हा शब्द गरीब स्वभावाचा आहे, तरी मराठी माणूस त्याच्याशी तीन-चार ठरावीक चुका करतो. पहिली चूक उपपदाची. शब्द स्वराने सुरू होतो म्हणून ‘अ ऑरेंज’ नव्हे, ‘अ‍ॅन ऑरेंज’. पण मध्ये विशेषण आले की उपपद त्या विशेषणाच्या पहिल्या ध्वनीकडे पाहते, म्हणून ‘अ राइप ऑरेंज’, आणि रंग म्हणून तो स्वतःच पुढे उभा राहिला तर पुन्हा ‘अ‍ॅन ऑरेंज फ्लॅग’. हे उपपद जरा ध्यानात ठेवावे, कारण शब्दाचे मूळ पाहताना ते पुन्हा भेटणार आहे.

दुसरी चूक मोजमापाची. ‘अ डझन ऑरेंजेस’ म्हणताना मध्ये ‘ऑफ’ येत नाही, ‘अ किलो ऑफ ऑरेंजेस’ म्हणताना येतो आणि ‘डझन्स ऑफ ऑरेंजेस’ असे अनेकवचन केले की परत येतो. मराठीत ‘डझनभर संत्री’ आणि ‘किलोभर संत्री’ ही एकाच साच्याची रूपे असल्याने हा भेद आपल्याला सुचत नाही. रस पुष्कळ फळांचा असला तरी तो ‘ऑरेंज ज्यूस’च, ‘ऑरेंजेस ज्यूस’ नव्हे, कारण पुढच्या नामाला जोडलेले नाम इंग्रजीत सहसा एकवचनीच राहते. ‘ऑरेंज ऑर्चर्ड’, ‘ऑरेंज ट्री’, ‘ऑरेंज पील’ हे सगळे त्याच रांगेतले.

फळाच्या अवयवांची नावेही एकदा नीट जुळवून घ्यावीत. साल म्हणजे ‘पील’, सालीच्या आतला पांढरा कापसासारखा थर म्हणजे ‘पिथ’, फोड म्हणजे ‘सेगमेंट’, आणि बी म्हणजे ‘पिप’ किंवा ‘सीड’. फोडीला ‘पीस’ म्हटलेले मी अनेकदा वाचले आहे. पीस म्हणजे कापलेला तुकडा, आणि संत्र्याची फोड कोणी कापलेली नसते, ती तशीच घडलेली असते.

उच्चाराबद्दल थोडक्यात. आपण ‘रें’वर जोर देऊन ‘ऑरेंज’ म्हणतो. ब्रिटिश इंग्रजीत जोर पहिल्या ‘ऑ’वर असतो आणि पुढचा भाग चटकन आवरला जातो, त्यामुळे तो ‘ऑरिंज’सारखा ऐकू येतो; अमेरिकेत काही भागांत तर शब्दाच्या दोन अवयवांचा, म्हणजे दोन उच्चारगटांचा, एकच होऊन जातो. मराठी वाक्यात बोलताना मराठी उच्चार करावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. इंग्रजी वाक्यात मात्र जोर पहिल्या अवयवावर आणला तर समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही.

रंग म्हणून

‘ऑरेंज कलरचा शर्ट’ हे आपल्या तोंडात इतके बसले आहे की इंग्रजीतही आपण ‘ऑरेंज कलर शर्ट’ लिहून जातो. तेथे ‘कलर’ फुकटचा आहे. ‘अ‍ॅन ऑरेंज शर्ट’ एवढेच लिहावे.

खरी अडचण उलट दिशेने येते. मराठीत या रंगपट्ट्यात केशरी, नारिंगी, भगवा आणि शेंदरी अशी निदान चार नावे नांदतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. राष्ट्रध्वजाच्या वरच्या पट्ट्याला इंग्रजीत ‘सॅफ्रन’ म्हणतात, ऑरेंज म्हणत नाहीत. मराठीत तो केशरी. भगव्यालाही इंग्रजीत सॅफ्रन हाच शब्द रूढ आहे. टेकडीच्या गणपतीच्या शेंदराचा रंग सांगायचा तर ‘व्हर्मिलियन’ जवळचा पडतो. संत्र्याच्या सालीचा, झेंडूच्या फुलाचा, रस्त्याच्या कामावर ठेवलेल्या शंकूचा रंग तेवढा बिनधोक ऑरेंज म्हणावा, आणि मराठीत त्यासाठी नारिंगी हा नेमका शब्द आहे. तो नेमका का, हे शेवटाकडे येईल.

वर्तमानपत्रात पावसाळ्यात दिसणारा ‘ऑरेंज अलर्ट’ हा रंगाचाच वापर आहे. हवामान खात्याच्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या चार पायऱ्यांत नारिंगी तिसरी. पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, नारिंगीचा अर्थ तयारीत राहा आणि लालचा अर्थ कृती करा. येथे ऑरेंजला फळाचा वासही राहिलेला नाही, तो नुसता एका पायरीचा अंक झाला आहे.

फळाचा वास राहिलेला एक वाक्प्रचार मात्र पाहण्यासारखा आहे. ज्या दोन गोष्टींची तुलनाच होऊ शकत नाही त्यांची कोणी तुलना केली, की इंग्रजीत म्हणतात, ही ‘अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस’ची तुलना झाली. भाषांतर करताना हात आपोआप ‘कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी’कडे जातो आणि तेथेच घोटाळा होतो. ऐरावताच्या म्हणीत एक थोर आणि एक क्षुद्र असतो. सफरचंद आणि संत्रे यांत थोर-क्षुद्र कोणी नाही, फक्त जात वेगळी आहे. एखाद्या अहवालात नागपूर आणि मुंबईच्या पावसाची तुलना चुकीची आहे असे म्हणायचे असेल आणि भाषांतरात ऐरावत शिरला, तर कोणत्यातरी एका शहराचा उगाच अपमान होतो. अशा जागी ‘या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत’ असे सरळ लिहावे.

मूळ शोधताना

आता मुळाकडे. कोशात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते ती जवळच्या भाषेकडून दूरच्या भाषेकडे. ती वाचण्याची सोपी युक्ती म्हणजे शेवटच्या नावापासून सुरुवात करून उलटे यावे. म्हणजे शब्दाचा प्रवास ज्या दिशेने झाला त्याच दिशेने आपण चालतो. ऑरेंजच्या बाबतीत असे उलटे निघाले की पहिला मुक्काम येतो तो आपल्याच उपखंडात.

संस्कृतात ‘नारङ्ग’ हा या जातीच्या झाडाचा शब्द. तो संस्कृतात द्राविड भाषांतून आला असावा, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि त्याला आजही साक्षी मिळतात: तेलुगूत संत्र्याच्या जातीच्या फळाला ‘नारिंज’ म्हणतात आणि मलयाळममध्ये लिंबाला ‘चेरुनारंगा’, म्हणजे धाकटा नारंगा. नागपूरहून दक्षिणेला जाणाऱ्या गाडीत बसून सकाळी डोळे उघडले की फलाटावर हा शब्द कानी पडू शकतो. संस्कृत कोशांत त्याचे ‘नागरङ्ग’ असेही रूप मिळते, आणि अमरकोशात तर नागरङ्गाच्या शेजारी ‘ऐरावत’ हे त्याच झाडाचे नाव दिलेले आहे. मघाच्या म्हणीतला ऐरावत येथे असा अनपेक्षितपणे संत्र्याच्या झाडावर येऊन बसतो.

‘नागरङ्ग’ हे रूप दिसताच नागपुरी माणसाच्या मनात जे येते ते माझ्याही मनात आले होते: नाग नदी, नागपूर, नागरङ्ग. असा मोह झाला की तेथेच थांबावे. दोन शब्दांचा आवाज जुळणे हा पुरावा नव्हे. एका रूपातून दुसरे रूप कोणत्या भाषेत, कोणत्या काळी आणि कोणाच्या तोंडून झाले हे दाखवता आले पाहिजे. येथे ते दाखवता येत नाही, म्हणून ती सुंदर कल्पना सोडून द्यावी लागते.

संस्कृतातून हा शब्द फारसीत ‘नारंग’ म्हणून गेला, फारसीतून अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांनी फळासकट तो भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली आणि स्पेनपर्यंत पोहोचवला. तेव्हा गेलेले फळ आजचे गोड ऑरेंज नव्हते. ते कडवट-आंबट जातीचे होते. स्पॅनिशने त्याचा ‘नारांखा’ केला, पोर्तुगीजने ‘लारांझा’, आणि इटालियनमध्ये मात्र सुरुवातीचा ‘न’ गळून ‘आरांचा’ झाले.

हा ‘न’ कसा गळला हे समजले की पुष्कळ शब्दांचे कोडे सुटते. इटालियन आणि फ्रेंचमध्ये या फळाच्या आधी येणारे ‘एक’ या अर्थाचे उपपद स्वतःच ‘न’च्या आवाजाने संपते. दोन ‘न’ एकापाठोपाठ आले की ऐकणाऱ्याला कळत नाही की दुसरा ‘न’ उपपदाचा की फळाचा. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्यांनी तो उपपदाच्या पदरात टाकला आणि फळ बिचारे ‘न’वाचून राहिले. अनेक ठिकाणी असे लिहिलेले सापडते की इंग्रजीत आधी ‘अ नॉरेंज’ होते आणि त्याचे ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले. हे ऐकायला नीटनेटके असले तरी बरोबर नाही. शब्द जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाच त्याचा ‘न’ गळालेला होता.

इंग्रजीने स्वतःच्या घरी असा ‘न’ गमावलेला पाहायचा असेल तर आपल्या मैदानावरचाच एक शब्द घ्यावा. अंपायर हा जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेर’, म्हणजे जो कोणाच्या जोडीचा नाही तो, दोन पक्षांच्या बाहेरचा तिसरा. इंग्रजीत तो ‘अ नंपायर’सारखा बोलला जाई आणि बोलता बोलता ‘अ‍ॅन अंपायर’ होऊन बसला. स्वयंपाकघरातला एप्रनही असाच. तो पूर्वी ‘नेप्रन’ होता. उपपदाबद्दल वर जे ध्यानात ठेवायला सांगितले ते यासाठी की, ज्या नियमाची आपण परीक्षेत धास्ती घेतो त्याच नियमाने इंग्रजांनाही शब्दांच्या हद्दी चुकवायला लावल्या आहेत.

उरला आरंभीचा ‘ऑ’. तो कोठून आला? फ्रेंचमध्ये सोन्याला ‘ओर’ म्हणतात, आणि सोन्यासारख्या फळाच्या नावात ‘आ’चा ‘ओ’ होण्यामागे त्या शब्दाची ओढ होती असे सांगतात. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तर ‘आउरांतियुम’ असे रूप झाले, ज्यात लॅटिन भाषेतले सोने उघड चमकते. दक्षिण फ्रान्समध्ये ओरांझ नावाचे गाव आहे, त्याच्या नावाचाही परिणाम झाला असे काही जण मानतात. त्या गावाचे नाव मुळात फळावरून पडलेले नाही. ते रोमन काळातल्या ‘अराउसिओ’ या नावाचे झिजलेले रूप आहे. पुढे त्या गावची जहागीर नेदरलँड्सच्या राजघराण्याकडे गेली, घराण्याला ऑरेंज हे नाव मिळाले, आणि नावावरून रंगही त्यांचा झाला. डच खेळाडू जामठ्याच्या मैदानावर नारिंगी सदऱ्यांत उतरले तर त्या रंगाचा संबंध एका फ्रेंच गावाशी आहे, संत्र्याशी नाही, हे शेजारच्या प्रेक्षकाला सांगून पाहावे. इंग्रजीत या घराण्याचा ऑरेंज नेहमी मोठ्या अक्षराने लिहितात, फळ आणि रंग लहान अक्षराने.

इंग्रजीत फळाचे नाव आधी आले आणि रंगाचे नंतर, ही गोष्ट विसरता कामा नये. रंग म्हणून या शब्दाची फार जुनी नोंद १५०२ सालची सांगितली जाते, आणि ती मार्गारेट ट्यूडर या राजकन्येसाठी घेतलेल्या कपड्यांच्या हिशेबातली आहे. त्याआधी इंग्रज हा रंग ‘पिवळा-लाल’ अशा जोडशब्दाने सांगत किंवा सरळ लालमध्ये ढकलत. म्हणूनच नारिंगी छातीच्या रॉबिन पक्ष्याला ‘रेडब्रेस्ट’ हे नाव पडले आणि तांबूस-नारिंगी केसांना आजही ‘रेड हेअर’ म्हणतात. भाषांतरात ‘लाल केसांची मुलगी’ लिहिण्याआधी हे आठवावे.

मराठीतला नारिंगी रंग याच नारङ्गाचा. म्हणजे ‘ऑरेंज’ला ‘नारिंगी’ म्हणणे हे नुसते भाषांतर नव्हे; एकाच घरातली दोन भावंडे आहेत, एक घरी राहिले आणि दुसरे इराण, अरबस्तान, इटली, फ्रान्स अशी वाट चालून, वाटेत ‘न’ हरवून, शाळेच्या अंकलिपीतून घरी परतले.

गोड ऑरेंज युरोपात रुजले ते पंधराव्या-सोळाव्या शतकांत आणि त्याच्या प्रसारात पोर्तुगीजांचा मोठा हात होता. त्यामुळे अनेक भाषांनी आंबट फळासाठी नारंज ठेवले आणि गोड फळाला पोर्तुगालचे नाव दिले: अरबीत ‘बुर्तुकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, फारसीत ‘पोर्तेगाल’. फारसीत तर आपल्या संत्र्यासारख्या सैल सालीच्या फळाला आजही ‘नारंगी’ म्हणतात, म्हणजे माझ्या भाषांतरात झालेली चूक तेहरानमधल्या फळवाल्याकडून होणार नाही.

आणि आपले ‘संत्रे’? पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून हा शब्द आला, असे पुष्कळ ठिकाणी ठासून सांगितलेले आढळते. मला ते पटत नाही. बाबराच्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ येतो, आणि बाबर १५३० साली वारला. पोर्तुगीज जहाजे केरळच्या किनाऱ्याला लागली १४९८ साली. तेवढ्या बत्तीस वर्षांत किनाऱ्यावरचा एक परका शब्द आग्र्यापर्यंत इथलाच होऊन बसावा, हे अवघड दिसते. मोसंबीच्या नावात मात्र आफ्रिकेतले मोझांबिक आहे, आणि तेथे तशी शंका घेण्याचे कारण नाही.

त्या दीड पानाच्या मजकुराचे मी पुन्हा भाषांतर करून दिले, अर्थातच मजुरी न घेता. अकरापैकी आठ ठिकाणी ‘मँडरिन’ आले. दोन ठिकाणी ‘नागपूर ऑरेंज’ या नोंदलेल्या नावात ‘ऑरेंज’ मोठ्या अक्षराने राहिले आणि एका ठिकाणी, जेथे सालीचा रंग सांगितला होता तेथे, लहान अक्षराने. बागायतदाराने कागद दोनदा वाचला, आठ हा आकडा बोटांवर मोजला आणि विचारले, “म्हणजे भाऊ, आपण इतके वर्ष मंत्रीच पिकवून राह्यलो होतो का?”